ताईच्या मापाची सायकल

बसनं गेलं की बसनं परत येता येतं, ही बसची सगळ्यात वाईट खोड. मी तीनदा तसंच केलंय. तीनदा चांगले कपडे घालून, केस नीट विंचरून ताईच्या गावाला गेले. डोंगरावरचा शेवटचा थांबा आला, गाडीचं दार उघडलं, समोर तिच्या घराच्या पायऱ्या दिसल्या आणि मी खिडकीला नाक लावून बसूनच राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "उतरायचं नाही का, बाई?" मी म्हटलं, "चुकून बसले." तिसऱ्या खेपेला त्यानं विचारलंसुद्धा नाही. गाडी वळली आणि मला घेऊन खाली आली.

म्हणून मी सायकल घ्यायची ठरवली. हसू नका, त्यामागे विचार होता. अडतीस किलोमीटर, आणि त्यातले शेवटचे सहा म्हणजे नुसता चढ. एवढं पायडल मारून वर पोचलेल्या बाईच्या पायांत माघारी फिरायचं त्राणच राहणार नाही. झक मारत दार वाजवावं लागेल. आणि घामानं निथळणाऱ्या एक्कावन्न वर्षांच्या सख्ख्या बहिणीला ग्लासभर पाणी तरी कोणीही देईल. पाणी दिलं की 'बस' म्हणावं लागतं. बसलं की काहीतरी बोलावं लागतं. मला तेवढंच हवं होतं.

आमच्या ह्यांना सांगितलं, "मी रोड बाईक घेणारेय," तर हे म्हणाले, "पेट्रोल कोण भरणार?"

"अहो, सायकल! लांब पल्ल्याची. हलकी, बारीक चाकांची. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं असतं, ती."

"मग आहे ती काय वाईट आहे?"

आहे ती म्हणजे पुढं टोपली लावलेलं धूड. त्यावरून मी रोज शिवलेले कपडे घरोघरी पोचवते. "ते डोंगरावर न्यायचं तर मागून ढकलायला चार माणसं लागतील," मी म्हटलं.

"एक मी आहे. अजून तीन बघ," म्हणाले आणि पेपरात तोंड खुपसलं. पण डोंगरावर कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं.

गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. आई ताईकडे राहायची. ताई आणि मी दोघी शिवणकाम करणाऱ्या, दोघी आईच्याच हाताखाली शिकलेल्या. सकाळी ताईचा फोन आला, "आईचं लक्षण बरं दिसत नाही, लगेच नीघ." माझ्या मशिनवर एका नवरीचा पोशाख होता, दुसऱ्या दिवशी तिचं लग्न, आणि बाह्या लावायच्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत येते." आलेही. पण आई दुपारी तीनलाच गेली होती. ताई दारात उभी होती. येऊ नकोस असं म्हणाली नाही, पण बाजूलाही झाली नाही. म्हणाली, "सकाळपासून तुझं नाव घेत होती. अगदी शेवटपर्यंत. आता कशाला आलीस?"

त्यानंतर मी नवरीचं काम घेतलं नाही. कोणी आलंच तर सांगते, हात बसत नाही. ताई बोलली नाही आणि मीही अडून बसले. आमच्या घरात राग सगळ्यांच्या नाकावर ठेवलेलाच असतो. पण खरं सांगू का, राग दोन-तीन वर्षांत विरला होता. उरली ती लाज. दुपारी मशिन थांबवली, दुकानात शांत झालं, की आईची हाक ऐकू यायची. मी ती हाक प्रत्यक्षात ऐकलेली नाही. तरी मला ती पाठ होती, कुठं आवाज चढतो आणि कुठं दम लागतो त्यासकट.

मग मागच्या महिन्यात भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, कापडाच्या दुकानात अचानक समोर आले. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "तिचे हात कापतात आता. सुईत दोरा जात नाही. शिवणं सोडलं तिनं." मी अस्तराचं कापड उगीच चाचपत राहिले. जाता जाता ते म्हणाले, "पूर्वी तुझा विषय निघाला की उठून जायची. हल्ली उठत नाही. बसून राहते."

एवढ्यावर मी सायकलींच्या दुकानात गेले.

ते दुकान आमच्याच रस्त्याच्या टोकाला. दुकानदाराला सगळे काडी म्हणतात, कारण उभा राहिला की भिंतीला टेकवून ठेवल्यासारखा वाटतो. आत छतापासून चाकंच चाकं टांगलेली. दार उघडलं की वारा शिरतो आणि सगळी चाकं हळूहळू फिरायला लागतात, वेगवेगळ्या वेगानं, आवाज न करता. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा कशाला आले होते तेच क्षणभर विसरले.

काडीची सायकल विकायची तऱ्हाच न्यारी. प्रत्येक सायकलच्या दांडीवर त्यानं कापडी पट्टी गुंडाळलेली. कंपनीचं नाव दिसत नाही, किमतीची चिठ्ठी नाही. गिऱ्हाइकानं सकाळी एक सायकल न्यायची, एकट्यानं पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचं. परत आलं की काडी एकच प्रश्न विचारतो, "वाटेत कशाचा विचार करत होता?" सायकल कशी वाटली हे तो विचारतच नाही.

"हे काय खूळ, भाऊ?" मी म्हटलं.

"सायकलचा विचार करत असाल तर सायकल चुकलीय," तो म्हणाला. "अंगाला बरोबर बसलेल्या कपड्याचा तुम्ही दिवसभर विचार करता का, बाई?"

माझ्याच धंद्यातलं माझ्याच पुढ्यात ठेवलं मेल्यानं.

मग तो टेप घेऊन माप घ्यायला उठला, आणि मी फटकन म्हटलं, "मला मापं शिकवू नका. जन्म गेलाय माझा त्यात." पाय आतून किती, धड किती, हात किती, तिन्ही आकडे मी त्याला तोंडपाठ सांगितले. त्यानं ते कागदावर लिहिले, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आकड्यांकडे बघितलं, काहीतरी बोलणार होता, पण त्यानं टेपच गुंडाळून ठेवली.

पहिल्या सकाळी त्यानं मला निळी दिली. अशी देखणी की काय सांगू. पहाटेचं निळं असतं ना, उजाडायच्या जरा आधीचं, तो रंग. धुकं होतं. रस्ता दहा हातांपुढं दिसत नव्हता आणि चाकांचा आवाज असा यायचा, जणू कोणीतरी लांबलचक रेशमी कापड फाडत चाललंय. मला वाटलं, असंच जात राहिलं तर धुक्यातून थेट नऊ वर्षं मागं निघेन. पण कसलं काय! टाकीपर्यंत जाईतो मान आखडली. हँडल गाठायला इतकं पुढं ओणवं व्हावं लागत होतं की मी कपड्यात पडलेली टाचणी शोधतेय असं वाटावं.

"कशाचा विचार करत होता?"

"मानेचा," मी म्हटलं.

दुसऱ्या सकाळी तीच मापं, पण राखाडी, आणखी हलकी. तिच्यावर मी कमरेचा विचार केला, मग तळहातांचा, मग परत मानेचा. काडीचा चेहरा पडला. "मापाला तर दोन्ही तंतोतंत आहेत," तो म्हणाला. "सायकल बरोबर आहे, बाई. तुम्हीच चुकताय."

"मी चुकतेय? अहो, मी काय ऑर्डर देऊन घडवून घेतलंय का स्वतःला?"

तेवढ्यात आतून काडीची बायको आली. चाकाच्या तारा ताणून चाक सरळ करायचं काम ती करते. काडी जेवढा बारीक तेवढी ती ऐसपैस. तिनं कागदावरचे आकडे वाचले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरळ विचारलं, "हे कुणाचं माप आहे?"

"माझंच."

"हे तुमच्याहून वीतभर उंच बाईचं माप आहे."

मी भांडणारच होते. पण मला दिसलं. आमच्या मापांच्या वहीचं पहिलं पान, आईच्या अक्षरातलं, वर लिहिलेलं 'घर'. त्यात एकच माप. ताईचं. आई आम्हा दोघींचे कपडे त्याच मापानं बेतायची आणि माझ्या कपड्यांना खालून दुमड घालायची. "वाढशील," म्हणायची. मी वाढले नाही. मोठी झाले, दुकान टाकलं, शहरभराच्या माणसांची मापं घेतली, आणि स्वतःचं काही शिवायचं झालं की वहीचं तेच पान उघडायचं, तसंच बेतायचं आणि दुमड घालायची. शिवणाऱ्याला स्वतःचं माप घेताही येत नाही म्हणा, वाकलं की टेप सरकते. पण मी कधी दुसऱ्या कोणाला घेऊ दिलं नाही, हेही खरं. आमचं माप म्हणजे ते पान. माझं वेगळं काही असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि तुम्ही हो?" मी काडीवर उखडले. "तुम्हाला डोळे नव्हते?"

"तुमच्या धंद्याचा मान ठेवला, बाई," तो बिचारा पुटपुटला.

काडीच्या बायकोनं मला आतल्या खोलीत नेलं. चपला काढायला लावल्या, भिंतीला पाठ टेकवून उभं केलं, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत धरायला सांगितलं आणि पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप सोडली. फरशी गार होती. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी तिच्या पाठीवर पडली होती. मग तिनं माझा हात धरून सरळ केला, खांद्याच्या हाडावर टेप टेकवली, आकडा म्हणाली, लिहिला. मला भरून आलं. एवढ्या तेवढ्यानं भरून यायचं वय नाही माझं, पण आलं.

"निळीच द्या ना," मी बाहेर येऊन म्हटलं. हट्टच तो. "सवय होईल. आयुष्यभर दुमड घालतच आलेय."

"सायकलला दुमड घालता येत नाही, बाई," ती म्हणाली.

तिसऱ्या सकाळी मिळालेली सायकल दिसायला अगदीच साधी होती, मातकट रंगाची, काडीएवढीच सडपातळ. मी निघाले. त्या दिवशी धुकं नव्हतं, पण उजेडही पुरता आलेला नव्हता. दुकानं बंद, खिडक्या बंद, रस्त्यावर एक झाडूवाला आणि त्याच्या झाडूचा आवाज. मग तोही मागं राहिला. रस्ता हलकेच वळत होता, मीही वळत होते. ताईच्या स्वयंपाकघरात आता पडदे कुठले असतील? पूर्वी पिवळे होते, तिनंच शिवलेले, खालच्या काठाला माझी टीप होती. उन्हात विटले असतील. तिला आता नवे शिवता येणार नाहीत, मग कोणाकडून शिवून घेईल ती? दुसऱ्या कोणाची टीप तिला पसंत पडते थोडीच! आई खिडकीपाशी बसायची. तिथं आता कोण बसत असेल? बहुतेक ताईच. मी त्या खोलीत शिरले, तिच्या पाठीमागं जाऊन उभी राहिले, आणि ती मागं वळून बघणार एवढ्यात समोर पाणी दिसलं. मोठं, सपाट, चमकणारं. मी टाकी ओलांडून पुढं सात किलोमीटर तळ्यापर्यंत आले होते.

परत येईतो काडी रस्त्यावर येऊन उभा होता. मला वाटलं, सायकल पळवली असं वाटलं असेल ह्याला.

"कशाचा विचार करत होता?"

"पडद्यांचा."

"आणि सायकलचा?"

"कुठल्या सायकलचा?" मी म्हटलं, आणि त्यानं खाली बसून दांडीवरची पट्टी उलगडायला सुरुवात केली.

पुढच्या रविवारी निघाले. ह्यांनी पाण्याच्या दोन बाटल्या लावून दिल्या आणि फाटकापर्यंत आले. "तीन माणसं मिळाली नाहीत," म्हणाले. मी पायडलवर पाय ठेवला, बोलत बसले असते तर गेलेच नसते. सपाट रस्ता कसा सरला कळलं नाही. शेतं, विजेचे खांब, एका पुलाखाली गाढ झोपलेलं कुत्रं. चढ लागला तशी मात्र सगळी धुंदी उतरली. गिअर खाली, अजून खाली, मग खाली जायला गिअरच राहिला नाही. दोन बाटल्या संपल्या. मध्येच बस माझ्या शेजारून वर गेली. तोच ड्रायव्हर होता. त्यानं मला ओळखलं बहुतेक, कारण हॉर्न वाजवला आणि हात हलवला.

वर पोचले तेव्हा मांड्या लटपटत होत्या. सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीवर अशी बसले की दार वाजवायचंही राहून गेलं. वाजवायची गरज पडली नाही. आतून कोणीतरी माझं धापा टाकणं ऐकलं असावं.

दार उघडलं. ताई. केस पांढरे झालेले, चष्मा जाड झालेला. माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, आणि म्हणाली, "थांब."

पाणी घेऊन आली. पेला दोन्ही हातांनी धरला होता तरी निम्मं पाणी वाटेत सांडलं. मी ते घटाघटा प्यायले. ताई आत गेली नाही. माझ्याच पायरीवर बसली, मध्ये हातभर जागा सोडून.

मी पाठ करून आले होते. सगळी वाट घोकलं होतं. "ताई, मला यायला हवं होतं," मी म्हटलं. "सगळं टाकून यायला हवं होतं. आई मला हाका मारत होती आणि मी तिकडं बाह्या लावत बसले. मला माफ कर."

ताईनं रिकामा पेला माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला. मग समोर बघत म्हणाली, "नाही मारल्या तिनं हाका."

"काय?"

"तुझं नाव नाही घेतलं. माझंही नाही. कुणाचंच नाही. मी घरात नव्हतेच." तिचे हात मांडीवर थरथरत होते, तिनं एकानं दुसरा दाबून धरला. "दोरा आणायला खालच्या दुकानात गेले होते. एका कोटाला निळा दोरा हवा होता. पाच मिनिटांचं काम. रंग जुळेना. हा गडद, तो फिका. मी तिथं पाऊण तास उभी राहिले रिळं लावून बघत. आले तर आई गेलेली. खोलीत कोणी नव्हतं. ह्यांनाही मी सांगितलं नाही. आणि संध्याकाळी तू आलीस, रडत, तर माझ्या तोंडून ते निघालं. मला कोणीतरी हवं होतं गं, माझ्याहून उशिरा आलेलं."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि असा संताप आला की कानांत शिट्ट्या वाजल्या. नऊ वर्षं! नऊ वर्षं मी दुपारी मशिन थांबवायला घाबरत होते. ज्या हाकेनं माझी झोप नासवली ती कोणी मारलीच नव्हती. "ताई, तू..." मी म्हटलं. "मी चालले," म्हटलं. "तोंड बघायचं नाही मला तुझं. मी चालले."

"जा," ती म्हणाली. रडत होती.

मी कठड्याला धरून उठले. म्हणजे अर्धी उठले. गुडघे वळेनात, पिंढऱ्यांत गोळे आले, आणि मी धप्पकन परत तिथंच बसले. पुन्हा जोर केला. पुन्हा बसले. अडतीस किलोमीटर पायडल मारून आलेले पाय, ते माझं काय म्हणून ऐकतील! चौथी बस घेऊन निघून जाता आलं असतं, थांबा समोरच होता, वीस पावलांवर. पण वीस पावलं कुठून आणू?

ताई मध्ये सोडलेल्या हातभर जागेत सरकली. माझी पिंढरी मांडीवर ओढून घेतली आणि गोळा आलेल्या जागी अंगठा दाबून चोळायला लागली. हात कापत होता तरी दाब बरोबर लागत होता. "पाय सैल सोड," ती म्हणाली.

"हात लावू नकोस मला," मी म्हटलं.

पाय मात्र मी सैल सोडला. राग गेला नव्हता, अजूनही पुरता गेलेला नाही. पण त्या दुपारी तीन वाजले तेव्हा मी तिच्या घराच्या पायरीवर होते, ती शेजारी होती, आणि मला कोणाचीही हाक ऐकू आली नाही.